पाटणकरांची दुसरी सोय

मिरजेचे म्हटलं की लोकांना वाटतं, घरात तंबोरा असणार, आजोबा पहाटे उठून रियाज करत असणार. दत्तात्रय पाटणकरांच्या घरात यातलं काहीही नव्हतं. वडील पाटबंधारे खात्यात, आई शाळेत गणित शिकवायची, आणि घरात नियमाने वाजणारी एकच वस्तू म्हणजे कुकर. गावात सतारी बनतात हे पाटणकरांना माहीत होतं, पण ते आपल्याकडे साखर कारखाने आहेत हे माहीत असतं तसं. त्यामुळे जर्मनीत एकुलती एक मुलगी वाद्य वाजवायला लागली, तेव्हा ओळखीच्यांनी ‘मिरजेचं रक्त’ वगैरे म्हणून पाहिलं. पाटणकर नुसते हसले. त्यांच्या रक्तात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. काळजी होती.

काळजी हा त्यांचा स्वभाव होता आणि व्यवसायही. कार्ल्सरूहेच्या ज्या कंपनीत ते पंधरा-सोळा वर्षं नोकरी करत होते, तिथे लिफ्टची नियंत्रणं बनत. एक सर्किट बंद पडलं तर दुसरं चालू राहतं की नाही, तेही पडलं तर ब्रेक लागतो की नाही, हे तपासणं पाटणकरांचं काम. मीटिंगमध्ये कुणीही काहीही नवं मांडलं, की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, ‘आणि हे बंद पडलं तर?’ तरुण इंजिनिअर वैतागत, पण लोक लिफ्टमध्ये निर्धास्त चढतात ते अशा माणसांमुळेच, हेही खरं आहे.

अडचण एवढीच होती, की हा प्रश्न ते संध्याकाळी ऑफिसात ठेवून येत नसत. गाडी दहाची असेल तर नऊची पकडायची, कारण नऊची रद्द झाली तर दहाची आहे. तिकीट फोनवर असतं, तरी कागदावर छापून घ्यायचं. लतिकाबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच या सगळ्याला ‘यांची दुसरी सोय’ असं नाव ठेवलं होतं. त्या एका बालवाडीत काम करत. दिवसभर तीन वर्षांच्या पंधरा मुलांना सांभाळून आल्यावर नवऱ्याच्या काळजीला वेगळी शक्ती उरत नाही, असं त्या म्हणत.

या स्वभावाचं मूळ विचारलं की पाटणकर कुमारची गोष्ट सांगत. बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला कुमार या त्यांच्या मित्राने फॉर्मवर एकच कॉलेज लिहिलं. पाटणकरांनी सगळे रकाने भरले, अगदी नाव न ऐकलेल्या कॉलेजांसकट. पाटणकरांना दुसऱ्या यादीत सांगली मिळालं. कुमारला काहीच मिळालं नाही, त्याचं वर्ष गेलं. पुढे कुमारने स्वतःचा कारखाना काढला आणि आज त्याच्याकडे पाटणकरांसारखे चार इंजिनिअर नोकरीला आहेत, पण गोष्टीचा हा भाग ते सांगत नाहीत.

क्षितिजा जर्मनीत आली तेव्हा चार वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाल्या मुली पोत्याने होत्या आणि ब्राट्शे वाजवायला कुणी नव्हतं. ब्राट्शे म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. आकाराने मोठी, आवाजाने खालची, आणि गर्दीत कुणाच्या लक्षात न येणारी. क्षितिजाची बोटं लांब होती म्हणून बाईंनी तिच्या हातात ती दिली. पाटणकरांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की ब्राट्शेवाले सगळीकडे कमी असतात. स्पर्धा कमी, हे ऐकून त्यांनी लगेच होकार दिला. संगीताविषयी त्यांनी घेतलेला हा पहिला निर्णय, आणि तोही असा.

मुलगी त्यात इतकी बुडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. शेवटच्या वर्षाला गेल्यावर तिने जेवताना सांगितलं, की तिला म्युझिकहोखशूलेमध्ये, म्हणजे संगीताच्या विद्यापीठात, ब्राट्शेच शिकायची आहे. पाटणकरांनी घास खाली ठेवला नाही, पण नंतर कितीतरी वेळ तो चावत राहिले. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने अभ्यास केला. रविवारभर संगणकासमोर बसून उठले ते चेहरा पाडूनच.

‘मार्क धरतच नाहीत,’ ते लतिकाबाईंना म्हणाले.

आबिटूर म्हणजे इथली बारावी. तिच्यात आकडा जितका कमी तितकी मुलगी हुशार, आणि क्षितिजाचा १.२च्या आसपास येणार असं शाळेत सगळे म्हणत होते. त्या आकड्यावर तिला जवळजवळ काहीही मिळालं असतं. आणि या संगीतवाल्यांच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, की आबिटूर पास असणं पुरे, असामान्य गुणवत्ता असेल तर तेही नसलं तरी चालेल. प्रवेश ठरणार तो जूनमधल्या परीक्षेत. पाच माणसं समोर बसणार, ती वाजवणार, थोडा पियानो, थोडं संगीताचं शास्त्र, सूर ओळखायची कानाची चाचणी. पाटणकरांनी पान पुन्हा वाचलं, भाषांतर करून वाचलं. त्यांना राहून राहून वाटत होतं, की कुठेतरी बारीक अक्षरात मार्कांचे निदान दहा टक्के धरत असतील. कुठेही नव्हतं. तेरा वर्षं पोरीने घासलेल्या अभ्यासाला तिथे कुणी विचारणार नव्हतं, आणि ते त्यांना जिव्हारी लागलं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. परीक्षा पास होणं आणि जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पास कितीही जण होऊ शकत. जागा मात्र ज्या प्रोफेसरकडे शिकायचं, त्याच्या वर्गातून जितके विद्यार्थी बाहेर पडतील तितक्याच. कुठल्या साली दोन, कुठल्या साली एक.

शेवटी त्यांनी होकार दिला, पण दुसरी सोय करून. त्यांच्या कंपनीत दर वर्षी थोड्या मुलांना घेत. तीन महिने कॉलेज, तीन महिने कंपनी, हातात पगार, आणि तीन वर्षांनी पदवीसकट बहुधा नोकरी. पाटणकरांनी साहेबांच्या कानावर घातलं, क्षितिजा मुलाखतीला गेली, निवडली गेली आणि फेब्रुवारीत फेरट्रागवर, म्हणजे करारावर, तिची सही झाली. ऑक्टोबरपासून हजर. ही सही तिने केली ती बाबांना झोप लागावी म्हणून, हे लतिकाबाईंना दिसत होतं. पाटणकरांना झोप लागली, त्यामुळे त्यांना दिसलं नाही.

या परीक्षेआधी एक रीत असते. ज्या प्रोफेसरकडे शिकायचं, तिला आधी लिहायचं, वेळ मागायची आणि एकदा वाजवून दाखवायचं. याला प्रोबेश्टुंडं म्हणतात. नियमात ते कुठेच लिहिलेलं नसतं आणि सगळे ते करतात. क्षितिजाने स्वतः मेल लिहिला. मार्चमध्ये दुसऱ्या गावच्या प्रोफेसर होलवेग यांनी तिला बोलावलं. इकडची मुलं अशा वेळी एकटी जातात, फार तर आई स्टेशनपर्यंत सोडते. पाटणकरांनी ऑफिसातून सुट्टी काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि एक गाडी आधीची पकडून मुलीबरोबर थेट खोलीच्या दारापर्यंत गेले. होलवेगबाई पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं मऊ. मुलीची हरकत नसेल तर बसा, म्हणाल्या. क्षितिजाने खांदे उडवले. पाटणकर कोपऱ्यातल्या खुर्चीवर गुडघ्यावर हात ठेवून बसले.

क्षितिजाने वाजवलं. पाटणकरांना त्यातलं एवढंच कळत होतं, की पहिला भाग जलद होता आणि दुसरा संथ. संथ भागात बाईंनी तिला एका जागी थांबवलं. इथे सूर लांबवायचा आहे, तू तो लवकर सोडतेस, म्हणाल्या. पुन्हा. पुन्हा एकदा. चौथ्या-पाचव्या वेळी बाईंनी मान हलवली आणि क्षितिजा हसली. घरी ती तसं हसल्याचं पाटणकरांना आठवेना.

मग बाईंनी वही मिटली आणि सहज विचारावं तसं तिला विचारलं, की इथे नाही जमलं तर ऑक्टोबरमध्ये काय करशील?

क्षितिजाने तोंड उघडलं. पण त्याआधी पाटणकर बोलले. खुर्चीवरून अर्धे उठून, आपल्या सगळ्यात चांगल्या जर्मनमध्ये त्यांनी सांगितलं, की त्याची प्रोफेसरबाईंनी मुळीच काळजी करू नये. मुलगी अभ्यासात फार हुशार आहे, वर्गात पहिली असते, आणि एका कंपनीशी तिचा करार झालेला आहे, सही-शिक्क्यासकट. आम्ही सगळा विचार करून ठेवला आहे.

यात त्यांची फुशारकी नव्हती, असं नाही, पण मुख्य ती नव्हती. आपल्याकडे मुलगी कुणाच्या पदरात घालताना जे सांगतात तेच ते सांगत होते. अभ्यासात जमलं नाही म्हणून कलेकडे वळलेली ही पोर नाही, चांगल्या घरची आहे, तुमच्या गळ्यात पडणार नाही. मिरजेतल्या कुठल्याही हेडमास्तरांनी हे ऐकून वा वा म्हटलं असतं.

‘तुम्ही फार नीट विचार केलेला दिसतोय,’ होलवेगबाई म्हणाल्या. क्षितिजा खाली बघून वाद्याच्या गजाचा ताण सैल करत होती.

परतीच्या गाडीत पाटणकर खुशीत होते. लतिकाबाईंनी दिलेल्या पोळीच्या गुंडाळ्या त्यांनी काढल्या. क्षितिजाने खाल्ली नाही. वाद्याची पेटी दोन गुडघ्यांत धरून ती खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल, असं त्यांनी धरलं आणि तिच्या वाटणीचीही खाल्ली.

ते काय करून बसले होते, हे त्यांना इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला कळलं. श्रीखंडाच्या रांगेत त्यांच्यापुढे उत्कर्ष होता. इथल्या विद्यापीठात पीएचडी करणारा नागपूरचा मुलगा, त्याची मैत्रीण संगीताच्या विद्यापीठात चेलो शिकत होती. पाटणकरांनी त्याला प्रोबेश्टुंडंची हकिकत मोठ्या कौतुकाने सांगितली. उत्कर्षचा वाटी धरलेला हात तसाच राहिला.

‘काका, हे तुम्ही बोललात? प्रोफेसरसमोर?’ तो म्हणाला. ‘तिथे बॅकअप सांगायचा नसतो हो. आल्झो, म्हणजे बघा, त्यांच्याकडे दोन जागा, पास होणार दहा. त्यात एकीला दुसरं काही येतच नाही आणि दुसरीच्या हातात कॉन्ट्रॅक्ट आहे. तुम्ही असता तर कुणाला घेतलं असतं?’

आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने लगेच सारवासारव केली, की तसं काही नसतं, वाजवणं महत्त्वाचं, होलवेगबाई चांगल्या आहेत म्हणे. पण पाटणकर रांगेतून बाहेर पडले. त्यांनी श्रीखंड घेतलं नाही. घरी येताना ट्राममध्ये त्यांनी लतिकाबाईंना एवढंच विचारलं, की त्या दिवशी क्षितिजा काही बोलली होती का. नाही बोलली, त्या म्हणाल्या. का?

पुढचे आठवडे पाटणकरांचे फार वाईट गेले. मीटिंगमध्ये ते गप्प बसू लागले आणि तरुण इंजिनिअरांना आधी बरं वाटलं, मग काळजी वाटली. त्यांच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, सही-शिक्क्यासकट. ते वाक्य त्यांनी किती सावकाश, किती स्पष्ट उच्चारांत म्हटलं होतं! मुलीला एक आणि एकच गोष्ट हवी होती, आणि तिच्या वाटेत त्यांनी स्वतःच्या हाताने दगड आणून ठेवला होता.

दुरुस्त करायला गेले ते आणखी बिघडवून आले. एका शनिवारी त्यांनी होलवेगबाईंना मेल लिहिला. विषय लिहिला, दुरुस्ती. मजकूर त्यांच्या कामातल्यासारखाच होता. आपल्या भेटीत मी केलेलं विधान मागे घेण्यात येत आहे, सदर करार ही केवळ पालकांच्या समाधानासाठी केलेली तजवीज आहे, उमेदवाराच्या इच्छेशी तिचा संबंध नाही. लतिकाबाईंना वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

‘अहो, हे पाठवू नका,’ त्या म्हणाल्या. ‘ती बाई विसरली असेल. तुम्ही आठवण करून देताय.’

त्यांनी पाठवला. सोमवारी उत्तर आलं ते कचेरीतून, दोन ओळींचं. प्रवेशासंबंधीचा पत्रव्यवहार फक्त उमेदवाराशी केला जातो, धन्यवाद. म्हणजे मेल बाईंनी वाचला की नाही, वाचून हसल्या की चिडल्या, काहीच कळायला मार्ग नव्हता. लतिकाबाईंना त्यांनी हात जोडून सांगितलं, की क्षितिजाला यातलं काही कळू देऊ नका. तिची आबिटूरची लेखी परीक्षा तोंडावर आली होती. सकाळी ती गणित करायची, दुपारी चार तास वाजवायची. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी एकदा वर येऊन तक्रार केली. दुसऱ्या खेपेला आल्या त्या केक घेऊन. क्षितिजाची मानेजवळची कातडी वाद्याने घासून काळी पडली होती. पाटणकर दाराबाहेरून जाताना पाय न वाजवता जायचे. आपल्यामुळे आधीच हरलेल्या गोष्टीसाठी ही पोर इतकं घासतेय, असं मनात येऊन त्यांना रडू यायचं, आणि ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे.

जूनमधल्या परीक्षेला त्यांनी बरोबर जाऊ का असं विचारलं. चल, ती म्हणाली, पण आत नाही. तेव्हा ते समोरच्या बेकरीत बसून राहिले. आजूबाजूला वाद्यांच्या पेट्या घेतलेली मुलं येत-जात होती. एक मुलगी फुटपाथवर उभी राहून हवेत बोटं चालवत होती, तिच्याबरोबर कुणी नव्हतं, आणि तिच्या बुटाचा तळ सुटलेला होता. हिच्याकडे दुसरं काही नसणार, पाटणकरांना वाटलं. त्यांना त्या मुलीची भीती वाटली आणि मग अशी भीती वाटल्याची शरम वाटली.

क्षितिजा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. कसं झालं, त्यांनी विचारलं. ठीक, ती म्हणाली. मग त्यांना राहवेना.

‘कराराबद्दल काही विचारलं का बाईंनी?’

तिने त्यांच्याकडे बघितलं. नाही, ती जर्मनमध्ये म्हणाली, ते कशाला विचारतील? आणि ती स्टेशनच्या दिशेने चालू लागली. विचारलं नाही, यावरून पाटणकरांनी घरी पोचेपर्यंत दोन्ही अर्थ काढून पाहिले. विचारलं नाही म्हणजे विसरल्या. विचारलं नाही म्हणजे विचारायची गरजच उरली नाही.

निकाल पुढच्या आठवड्यात दुपारी आला. पाटणकर त्या दिवशी घरूनच काम करत होते. क्षितिजा फोन हातात धरून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून तिने तो वाचून दाखवला, बातम्या वाचतात तशा आवाजात. परीक्षेत उत्तीर्ण. त्यापुढे, दुर्दैवाने उपलब्ध जागांच्या मर्यादेमुळे या वर्षी प्रवेश देता येत नाही. पास, पण जागा नाही. लतिकाबाईंनी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं, मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

पाटणकर टेबलाशी बसून राहिले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. शिवाय त्यांच्या मनात एक विचार आला आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना जरा मोकळं वाटलं. पोरीला वाटत असेल, आपण कमी पडलो. तिला खरं सांगितलं तर निदान तेवढं ओझं तरी उतरेल. तू कमी पडली नाहीस, मी पाडलं. बाप म्हणून एवढं तरी आपल्याला करता येईल. लतिकाबाईंनी नको म्हणून मान हलवली, पण ते उठलेच.

क्षितिजा पलंगाच्या कडेला बसली होती. वाद्य पेटीत होतं. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाईंसमोर बोललेलं वाक्य, उत्कर्षने पाडव्याला सांगितलेलं, मग पाठवलेला मेल, कचेरीतून आलेलं उत्तर. मेलचं ऐकताना तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उद्या मी स्वतः तिथे जातो, ते म्हणाले, बाईंच्या पाया पडावं लागलं तर पडतो. चूक सगळी माझी आहे, तुझी काहीच नाही. तू वाजवण्यात कुठेही कमी नव्हतीस.

त्यांना वाटलं होतं ती रडेल, किंवा ओरडेल. ती ओरडली, पण भलत्याच गोष्टीवर. जर्मनमध्ये भराभर बोलली, त्यातलं त्यांना एवढंच कळलं, की तू तिथे होतास का, तू ऐकलंस का. मग ती थांबली, आणि मराठीत बोलायला लागली. सावकाश, एकेक शब्द शोधून. घरात इतकी सलग मराठी ती शेवटची कधी बोलली होती, कुणाला आठवलं नसतं.

‘बाबा, स्लो भागात मी घाबरले. माझा हात हलला. सूर सोडला मी, मग दोन ओळी गेल्या. त्या पाच जणांनी ते ऐकलं. तू काय बोललास ते नाही ऐकलं त्यांनी.’

‘असं तुला वाटतंय,’ पाटणकर म्हणाले. ‘खरं कारण ते नाहीये, बाळा.’

‘ती चूक माझी आहे,’ ती म्हणाली. ‘ती पण तू घेऊ नकोस. तुझी असेल तर पुढच्या वर्षी मी नीट काय करू?’

आयुष्यभर पाटणकरांनी यंत्रातल्या चुका शोधल्या होत्या, आणि चूक सापडली नाही तर दुरुस्ती होत नाही, हे ते नव्या मुलांना दर वर्षी शिकवत. कारण खरं कुठलं होतं, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळणार नव्हतं. पण त्यातलं एकच तिच्या हाताला लागण्यासारखं होतं, आणि तेच ते तिच्याकडून काढून घ्यायला आले होते, मोठं मन करून.

मग तिचं ‘पुढच्या वर्षी’ त्यांना उशिराने ऐकू आलं. ऑक्टोबरचं काय, त्यांनी विचारलं. ती कंपनीत येणार नव्हती. सोमवारी ती स्वतः साहेबांना भेटून सांगणार होती, बाबांनी आधी काही बोलायचं नाही. सकाळी कुठेतरी काम करेन, दुपारी वाजवेन, आणि जूनमध्ये पुन्हा जाईन. तिथे दोनदाच बसू देतात. म्हणजे हे शेवटचं.

मिरजेत याला ड्रॉप घेणं म्हणतात आणि पाटणकरांनी जन्मभर या शब्दाला भिऊन रकाने भरले होते. तेव्हा ड्रॉप घेणाऱ्या पोराला निदान क्लास असायचा, मार्क असायचे, मागच्या वर्षीपेक्षा किती वाढले ते दिसायचं. इथे तसलं काहीच नव्हतं. एक वर्ष, एक खोली, आणि शेवटी पुन्हा पाच माणसं. आणि तेव्हाही नाही झालं तर? प्रश्न अगदी दातांपर्यंत आला. क्षितिजा त्यांच्याकडे बघत होती, तो येणारच म्हणून तयार होऊन. पाटणकरांनी तो गिळला. साहेबांकडे सोमवारी सकाळी दहाच्या आत गेलीस तर बरं, नंतर ते मीटिंगमध्ये असतात, एवढं सांगून ते बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

पॅसेजमध्ये चपला घालायला ठेवलेल्या बुटक्या बाकावर ते बसले. लतिकाबाईंनी स्वयंपाकघरातून खुणेने विचारलं, त्यांनी खुणेनेच थांबा म्हटलं. आत पेटी उघडल्याचा आवाज झाला. तारा लावून झाल्या, आणि तिने पहिला भाग न वाजवता एकदम संथ भागच घेतला. पाटणकरांना त्यातलं अजूनही काही कळत नव्हतं, पण एवढ्या महिन्यांत ती जागा त्यांना पाठ झाली होती. ती जागा जवळ आली. सूर निघाला, लांबला, आणि हलला. ती थांबली. मागे गेली, पुन्हा तिथे आली, आणि तो पुन्हा हलला. उठून दार उघडावं, राहू दे आता, थोडं खाऊन घे म्हणावं, असं त्यांना इतकं वाटलं की त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. आत ती तिसऱ्यांदा सुरुवात करत होती.